दिवाळीच्या सुट्टीत पूर्व आफ्रिका: छोट्या पावसातल्या सफारीची आखणी

महाराष्ट्रात शाळांना दिवाळीची सुट्टी लागते, त्याच सुमारास केनिया-टांझानियात पाऊस सुरू होतो. स्वाहिलीत या पावसाला ‘वुली’ म्हणतात. मार्च ते मे पडणारा मोठा पाऊस म्हणजे ‘मासिका’. वुली हा धाकटा, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत टिकणारा. आषाढासारखी दिवसभराची झड यात सहसा नसते. सकाळ कोरडी, दुपारी दोन-तीननंतर ढगांची गर्दी, मग विजांसह तास-दोन तास जोराची सर आणि सूर्यास्ताच्या सुमारास उघडीप, अशी याची चाल. आपल्याकडचा वळीव डोळ्यांसमोर आणा.

या दिवसांत निवासाचे दर उतरतात, गाड्यांची गर्दी ओसरते, गवत हिरवं होतं आणि धूळ बसते. तरीही अनेकांची सहल फसते, कारण ऑगस्टसाठी बनवलेलं वेळापत्रक त्यांना नोव्हेंबरात विकलेलं असतं: सात दिवसांत पाच जंगलं आणि रोज सहा तासांचा प्रवास. पावसात आखणीचा नियम वेगळा आहे. ठिकाणं कमी, मुक्काम लांब, गाडी दणकट. पुढचे सगळे टप्पे याच नियमाला धरून आहेत.

१. आधी तारखा ठरवा

दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या. तेवढ्या फरकाने सफारी पार बदलते. ऑक्टोबर संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी जमीन कोरडी असते, प्राणी पाण्याजवळ गोळा झालेले असतात आणि दर चढे असतात. नोव्हेंबर लागला की बरेच लॉज आणि तंबूनिवास ‘ग्रीन सीझन’चे दर लावतात. साधारण १० नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा पावसाचा मुख्य महिना. २० डिसेंबरच्या आसपास नाताळचे दर सुरू होतात आणि ते वर्षातल्या सर्वांत महाग दरांमध्ये मोडतात. शाळेच्या सुट्टीचं बंधन नसेल तर ८ ते १९ डिसेंबर हा पट्टा आधी बघा: पाऊस ओसरत आलेला, रान हिरवंगार आणि दर अजून खालीच.

वुली दरवर्षी सारखा नसतो. हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा तापला आणि इंडोनेशियाकडचा थंड राहिला, म्हणजे ‘इंडियन ओशन डायपोल’ धन असला, की पूर्व आफ्रिकेत हा पाऊस धो धो पडतो. १९९७, २०१९ आणि २०२३ साली असंच झालं आणि पूर आले. ला निन्याच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मध्य-पूर्व भाग नेहमीपेक्षा थंड असतो तेव्हा, उलट पाऊस कमी पडतो. याच डायपोलचा उल्लेख आपल्या हवामान विभागाच्या मान्सून अंदाजातही असतो. केनियाचं हवामान खातंही ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरचा अंदाज पाऊस सुरू होण्याआधी जाहीर करतं. उरलेले पैसे भरण्याआधी हे दोन्ही अंदाज वाचा. डायपोल ठळक धन असेल तर एक मुक्काम कमी करून तो दिवस राखीव ठेवा, किंवा लांबच्या टप्प्यासाठी रस्त्याऐवजी छोटं विमान घ्या.

२. पावसात कुठलं जंगल टिकतं, कुठलं नाही

याच टप्प्यावर सर्वांत जास्त विचार करा. पाऊस पडला की जागोजागी पाणी साचतं, गवत फुटतं आणि जे प्राणी कोरड्या दिवसांत एका नदीला चिकटून होते ते पांगतात. त्यामुळे ज्या जंगलाची ख्याती आटलेल्या नदीवर आहे, ते नोव्हेंबरात निराश करतं. जिथे प्राणी बारा महिने राहतात, ते फारसं निराश करत नाही.

न्गोरोन्गोरो (टांझानिया): पावसासाठी सर्वांत भरवशाचं. हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचं खोलगट विवर आहे, कडा ६०० मीटर उंच आणि आत पाणी कायम. सिंह, हत्ती, तरस, पाणघोडे इथून फारसे हलत नाहीत. काळा गेंडा दिसण्याची शक्यताही बरी. अडचण धुक्याची. कड्यावरची उंची २,३०० मीटरच्या आसपास असल्याने पहाटे काही दिसत नाही आणि थंडी चांगलीच वाजते. खाली उतरलं की बहुधा धुकं वर राहतं.

सेरेन्गेटीचा मध्यभाग, म्हणजे सेरोनेरा (टांझानिया): सिंह, बिबटे आणि चित्ते इथे वर्षभर असतात. नोव्हेंबरात वाइल्डबीस्टचे (बैलासारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप उत्तरेकडून पूर्व बाजूने खाली सरकत असतात, त्यामुळे त्यांची गाठ पडण्याची शक्यता असते. डिसेंबरात कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानांकडे, न्दुतूच्या दिशेने पोचू लागतात. पिल्लं जन्मण्याचा हंगाम मात्र जानेवारीअखेर ते फेब्रुवारी.

मसाई मारा (केनिया): वाइल्डबीस्टच्या कळपांनी नदी ओलांडण्याचा प्रसिद्ध देखावा जुलै ते ऑक्टोबरचा. नोव्हेंबरच्या माहितीपत्रकावर मगरी आणि उड्या मारणाऱ्या कळपांचा फोटो असेल तर विकणाऱ्याला थेट विचारा, “या तारखांना कळप कुठे असतील?” मोघम उत्तर आलं तर दुसरा आयोजक शोधा. कळप गेले तरी मारा ओस पडत नाही. इथले सिंह, चित्ते, हत्ती आणि जिराफ मुक्कामी आहेत आणि ऑगस्टमध्ये एका बिबट्याभोवती वीस गाड्या लागतात, तशी दाटी आता नसते. पश्चिमेचा भाग, म्हणजे मारा ट्रँगल, व्हिक्टोरिया सरोवराच्या ढगांमुळे जास्त भिजतो. पावसाच्या ऐन महिन्यात जात असाल तर पूर्व आणि उत्तरेच्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव रानं, बघा: नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ. तिथे गाड्यांची संख्या मर्यादित असते आणि रात्रीची फेरीही करता येते.

अंबोसेली (केनिया): पावसाने हवा धुतली गेली की ५,८९५ मीटरचा किलिमांजारो स्वच्छ दिसतो. तो सूर्योदयाच्या आसपास उघडा असतो, आठ-नऊनंतर ढगांत जातो. म्हणून इथे दोन रात्री हव्यातच, एका पहाटेवर भिस्त ठेवू नका. काही हत्ती पावसात बाहेरच्या कुरणांकडे जातात, पण डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या दलदली कायम असल्याने अंबोसेली रिकामं होत नाही. सुकलेलं सरोवर पाण्याने भरलं तर काही वाटा बंद होतात.

तारांगिरे (टांझानिया): ऑगस्ट ते ऑक्टोबर हत्तींचं माहेरघर. दमदार पाऊस झाला की वाइल्डबीस्ट आणि झेब्रे सिमांजिरोच्या मैदानांकडे निघून जातात आणि हत्तीही विखुरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठीक, त्यानंतर ही रात्र सेरोनेराला द्या.

नाकुरू (केनिया): गेंडे आणि रॉथशिल्ड जिराफांसाठी जावं. गुलाबी काठाचे जुने फोटो पाहून जाऊ नये. गेल्या दशकात सरोवराची पातळी खूप वाढली, जुनं मुख्य प्रवेशद्वार आणि काठचे रस्ते पाण्याखाली गेले आणि रोहित पक्षी पांगले. ते बघायचे तर बोगोरिया सरोवर बरं.

पक्षीनिरीक्षकांना तर वुलीच सर्वांत लाभाचा. युरोप-आशियातले पाहुणे याच दिवसांत उतरतात: नीलपंख, करकोचे, पाकोळ्या. मृगाच्या आधी आपल्याकडे येणारा चातक आता पूर्व आफ्रिकेत असतो. नागालँडमधून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडणारे अमूर ससाणेही नोव्हेंबरअखेरीपासून केनियावरून दक्षिणेला जातात आणि पावसानंतर उडणाऱ्या वाळवीवर ताव मारतात. त्सावो वेस्टमधल्या न्गुलियाला नोव्हेंबर-डिसेंबरच्या धुकट, चांदण्याविरहित रात्री स्थलांतरित पक्षी पकडून त्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याचं काम १९६९पासून चालू आहे. पक्षी हाच मुख्य हेतू असेल तर आराखडा त्याभोवती बांधा.

३. रात्री वाटा

केनिया, सात रात्री: नैरोबी १, अंबोसेली २, नैवाशा किंवा नाकुरू १, मारा ३. कोरड्यात नैरोबी-अंबोसेली चार ते पाच तास, अंबोसेली-नैवाशा सहा-सात, नैवाशा-मारा पाच-सहा आणि मारा-नैरोबी पाच-सहा तास लागतात. पावसात प्रत्येक टप्प्याला दीड-दोन तास जास्त धरा. मारातून निघून त्याच रात्रीचं विमान पकडण्याचा बेत करू नका. नारोक गावात जोराच्या पावसात पाणी भरतं आणि माई माहियूकडून येणारा रस्ता अडतो. शेवटची रात्र नैरोबीत ठेवायला जमलं तर आठवी रात्र घ्या. ते शक्य नसेल तर नैवाशा गाळा.

टांझानिया, सात रात्री: अरुशा १, कराटू किंवा मन्यारा १, सेरोनेरा ३, न्गोरोन्गोरो १, अरुशा १. सेरोनेराहून अरुशाला एका दिवसात यायला सात-आठ तास लागतात, म्हणून परतीला न्गोरोन्गोरोचा मुक्काम सोयीचा.

दोन्ही देश एकाच सहलीत हवे असतील तर किमान दहा रात्री लागतात. नकाशावर मारा आणि सेरेन्गेटी एकमेकांना चिकटून आहेत, पण मधली सँड रिव्हरची वाट पर्यटकांसाठी बंद आहे. इसेबानिया-सिरारी किंवा नामांगा इथून सीमा ओलांडावी लागते आणि केनियाची सफारी गाडी टांझानियाच्या उद्यानांत चालत नाही, म्हणून सीमेवर गाडी बदलते. यात अख्खा दिवस जातो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एकच देश नीट बघावा, असं माझं ठाम मत आहे.

छोटं विमान घेणार असाल तर नैरोबीत ते विल्सन विमानतळावरून सुटतं, आंतरराष्ट्रीय विमानतळावरून नव्हे. सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, हातातल्या पिशवीसकट. बॅग मऊ हवी. चाकांची कडक सुटकेस विमानाच्या पोटात मावत नाही.

४. गाडी: इथे काटकसर नको

मारा आणि सेरेन्गेटीच्या मोठ्या भागातली माती आपल्या ओळखीची आहे. विदर्भ-मराठवाड्यातली कपाशीची काळी माती, रेगूर, तशीच. तिथेही तिला ‘ब्लॅक कॉटन’च म्हणतात. भिजली की ती फुगते, चाकाला थर चढत जातात, टायरच्या खाचा बुजतात आणि चाक नुसतं जागेवर फिरतं. पावसात काळ्या रानात ट्रॅक्टर रुतलेला ज्याने पाहिलाय, त्याला जास्त सांगायला नको.

स्वस्त सहलींत छप्पर उघडणारी व्हॅन देतात. कोरड्यात ती चालते, नोव्हेंबरात ती मुख्य वाटा सोडू शकत नाही आणि प्राणी आडवाटेवर असले की लांबूनच बघावे लागतात. म्हणून करारात ‘फोर बाय फोर लँड क्रूझर’ हे शब्द लेखी हवेत. ‘लँड क्रूझर किंवा तत्सम’ असं लिहिलं असेल तर ‘तत्सम’ खोडायला लावा. पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा:

- गाडीत किती जण? प्रत्येकाला खिडकी मिळणार का? सहापेक्षा जास्त नकोत.
- छप्पर पाऊस आल्यावर पटकन बंद होतं का? बाजूच्या काचा घट्ट बसतात का?
- सुटी चाकं दोन आहेत का? हाय-लिफ्ट जॅक, ओढायचा दोर आणि फावडं आहे का?
- रेडिओ आहे का? मोबाइलची रेंज सगळीकडे नसते.
- रस्ता बंद झाल्यास पर्यायी मार्ग किंवा जादा रात्रीचा खर्च कोणाचा?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि वाद नेमका त्यावरूनच होतो. उत्तर ईमेलवर घ्या. आयोजक केनियात ‘काटो’ किंवा टांझानियात ‘टाटो’ या संघटनेचा सभासद आहे का, तेही तपासा.

५. शुल्काचं गणित

लॉज स्वस्त झाला म्हणून सगळंच स्वस्त झालं, असं समजू नका. मसाई मारा राखीव क्षेत्राचं शुल्क परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. म्हणजे वुलीत शुल्क चढ्या हंगामाचंच. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर. आईवडील आणि या वयाची दोन मुलं तीन दिवस आत गेली तर नुसतं शुल्क १,५०० डॉलर होतं.

हे तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. पावसामुळे नारोकहून उशीर झाला आणि तुम्ही चार वाजता दारात पोचलात, तर दोन तासांसाठी माणशी २०० डॉलर जातील. त्यावर उपाय म्हणजे पहिली रात्र दाराबाहेरच्या लॉजमध्ये काढून दुसऱ्या दिवशी पहाटे आत जाणं. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत बाहेर पडा, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे लागतात.

टांझानियात तिकीट २४ तासांचं असतं. कर धरून सेरेन्गेटीला प्रौढामागे सुमारे ८३ डॉलर, न्गोरोन्गोरोला सुमारे ७१ डॉलर आणि विवरात उतरायला प्रत्येक गाडीमागे २९५ डॉलर. सेरेन्गेटीला जाताना-येताना न्गोरोन्गोरोच्या हद्दीतून नुसतं जायचं असलं तरी तिथलं शुल्क पडतं. कोटेशनमध्ये ते दोनदा धरलंय का बघा. दर बदलत राहतात, म्हणून शुल्क वेगळ्या ओळीत मागा. सरकारी उद्यानांत पैसे ऑनलाइन किंवा कार्डने भरतात, रोख चालत नाही.

चालक-मार्गदर्शकाला माणशी रोज ५ ते १० डॉलर बक्षीस देण्याची रीत आहे. चिखलात उतरून गाडी काढणाऱ्या माणसाला देताना हात आखडू नका. डॉलरच्या नोटा २०१३ नंतरच्या, न फाटलेल्या आणि न लिहिलेल्या घ्या. जुन्या नोटा अनेक ठिकाणी नाकारतात. भारतातून पॅकेजचे पैसे भरताना इथला आयोजक टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापतो. त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा, आयकर विवरणपत्रात ती रक्कम वळती होते.

६. कागदपत्रं

- पासपोर्ट: प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध, कोरी पानं शिल्लक.
- केनियासाठी ईटीए: जानेवारी २०२४पासून व्हिसाऐवजी ही ऑनलाइन परवानगी, लहान मुलांनाही लागते. शुल्क सुमारे ३० डॉलर. पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं आरक्षण अपलोड करावं लागतं. दोन आठवडे आधी अर्ज करा.
- टांझानियासाठी ई-व्हिसा: भारतीयांना एका प्रवेशाचे ५० डॉलर.
- ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा: १०० डॉलरमध्ये केनिया, युगांडा आणि रवांडा. टांझानिया यात नाही, हे नीट लक्षात ठेवा.
- यलो फीव्हरची लस घेतल्याचं पिवळं कार्ड, मूळ प्रत.
- प्रवास विमा: हवाई रुग्णवाहिका धरलेली असावी. मारा किंवा सेरेन्गेटीतून नैरोबीच्या रुग्णालयात नेण्याचं काम ‘ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स’ करते, त्यांचं अल्पमुदतीचं सदस्यत्वही मिळतं.
- झांझिबार जोडणार असाल तर तिथला वेगळा विमा: १ ऑक्टोबर २०२४पासून सक्तीचा, माणशी ४४ डॉलर. तिथेही नोव्हेंबरात पाऊस असतो, हे ठरवताना धरा.
- सगळ्याच्या कागदी प्रती. तंबूत वीज नसताना मोबाइलवर भिस्त नको.

ईटीए काढताना फसगत होते ती हुबेहूब दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर. ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्त्याचा शेवट केनियाला ‘जीओ डॉट केई’ आणि टांझानियाला ‘जीओ डॉट टीझेड’ असा असतो. तो पाहिल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

७. लस आणि मलेरिया

यलो फीव्हरच्या लशीबद्दल मोठा गैरसमज आहे. भारतातून थेट केनियाला जाताना तिथे सहसा कार्ड मागत नाहीत, म्हणून लोक लस टाळतात. अडचण परतताना येते. केनिया भारताच्या यलो फीव्हरग्रस्त देशांच्या यादीत असल्याने तिथून कार्डाशिवाय आलेल्या प्रवाशाला विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केनियातून टांझानियात जातानाही कार्ड लागतं.

लस घेतल्यापासून १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. नवव्या दिवशी निघालात तर कार्ड असूनही उपयोग नाही. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत. वार ठरलेले असतात आणि दिवाळीआधी गर्दी होते, तेव्हा सप्टेंबरातच वेळ घ्या आणि मूळ पासपोर्ट बरोबर न्या. नऊ महिन्यांखालचं बाळ, गर्भारपण, अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

पावसात डास वाढतात आणि आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे घातक. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिने उन्हात त्वचा पोळते. घरी आल्यावर गोळ्या मध्येच सोडणं ही नेहमीची चूक. संध्याकाळी पूर्ण बाह्या, डास दूर ठेवणारं, डीईईटी असलेलं मलम आणि मच्छरदाणी नीट खोचलेली, एवढं रोज पाळा.

८. सामान

ताडोबाला घालता ती लष्करी ठिपक्यांची, कॅमोफ्लाज कपड्यांची जोडी घरीच ठेवा. केनियात सामान्य नागरिकाला असे कपडे घालण्याची बंदी आहे. काळा आणि गडद निळा रंगही टाळा, त्सेत्से माशी त्याकडे येते. खाकी, मातकट, फिकट हिरवा चालेल.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून बंदी आहे. चिवडा, लाडू, ठेपले डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भरा. ड्यूटी-फ्रीची पिशवी विमानातून उतरण्याआधी रिकामी करा. ड्रोन नेऊ नका, परवान्याशिवाय तो विमानतळावरच जप्त होतो.

- लांब रेनकोट किंवा पोंचो. उघड्या छपराखाली छत्री निरुपयोगी.
- लवकर वाळणाऱ्या तीन पँट, चार पूर्ण बाह्यांचे शर्ट. ओले कपडे तंबूत दोन दिवस वाळत नाहीत.
- स्वेटर आणि वाराप्रतिबंधक जाकीट. न्गोरोन्गोरोसाठी कानटोपीही.
- खोल खाचांचे बूट आणि एक जोड सँडल.
- ८x४२ दुर्बीण, शक्य तर प्रत्येकी एक.
- तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्रकारचा ॲडॉप्टर. आपल्या गोल पिना तिथे बसत नाहीत.
- हेडटॉर्च, पॉवरबँक. अनेक तंबूनिवासांत वीज ठरावीक तासच असते.

कॅमेऱ्याला १००-४०० लेन्स पुरते. पावसाळी उजेड कमी असतो, तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवायला कचरू नका, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा. सरीसाठी लेन्सवर कव्हर आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. लेन्स टेकवायला बीनबॅगची रिकामी खोळ न्या, तिथे तांदूळ किंवा राजमा भरा आणि निघताना तो लॉजच्या स्वयंपाकघराला द्या.

शाकाहाराची काळजी फारशी नको. केनियात गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि बऱ्याच लॉजच्या आचाऱ्यांना डाळ-भाजी जमते. जैन जेवण किंवा अंडं वर्ज्य असेल तर ते आरक्षणातच लिहा, कारण लांबच्या तंबूनिवासात भाजी आठवड्यातून एक-दोनदाच येते.

९. जंगलातला दिवस

सकाळची फेरी चुकवू नका. सहाला दार उघडतं तेव्हाच निघा आणि न्याहारी बरोबर घ्या. रात्री पाऊस पडून गेला असेल तर सिंह आणि चित्ते ओलं गवत टाळून वाटेवर, वारुळावर येऊन बसतात, शिवाय चिखलातले ठसे ताजे असतात. दुपारी विश्रांती. साडेतीनला ढग भरले म्हणून फेरी रद्द करू नका, सर ओसरल्यावरचा उजेड फोटोंसाठी वर्षातला सर्वोत्तम असतो. फक्त मार्गदर्शकाला सांगून ठेवा की पाऊस सुरू झाला तर काळ्या मातीच्या सखल भागातून आधी बाहेर काढा आणि मग थांबा.

मोसमी ओढ्यांना तिथे ‘लुग्गा’ म्हणतात. सकाळी कोरडा ओलांडलेला लुग्गा संध्याकाळी कमरेएवढा वाहत असू शकतो, कारण पाऊस तुमच्या डोक्यावर नाही, वर डोंगरात पडलेला असतो. मार्गदर्शक “थांबू या” म्हणाला तर थांबा. “दार सहाला बंद होईल” म्हणून त्याच्या मागे लागू नका. न्गोरोन्गोरोत मात्र संध्याकाळी सहाच्या आत वर चढणं बंधनकारक आहे, तेव्हा तिथे तीन-साडेतीनलाच चढणीच्या रस्त्याकडे वळा.

गाडी रुतली तर आतच बसा. मदतीला उतरायची हौस नको, मार्गदर्शक सांगेल तेव्हा आणि तेवढ्याच जागेत उतरायचं. बहुतेक वेळा दुसरी गाडी अर्ध्या तासात ओढायला येते. विजा कडाडत असताना छप्पर बंद, हात आत.

बलून फेरी घ्यायची तर मुक्कामाच्या पहिल्या सकाळी घ्या. हवामानामुळे रद्द झाली तर दुसरी सकाळ हाताशी राहते. पैसे परत मिळतील का, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी घ्या.

१०. परतताना आणि परतल्यावर

पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मुंबईत इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य काउंटरवर दाखवावं लागतं. गोळ्यांचा क्रम पूर्ण करा. पुढच्या तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर तो साधा व्हायरल समजून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना “मी आफ्रिकेत जाऊन आलोय” असं सांगा आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी ती पुन्हा करा.